सशाचे कान : ताकायामाच्या सरकारी वाड्यात

दालनाच्या खांबांना जोडणाऱ्या आडव्या लाकडी पट्टीवर, जिथे जिथे खिळा ठोकलेला आहे, तिथे तिथे एक ससा बसवलेला आहे. समोरून पाहणारा, दोन्ही कान ताठ उभे केलेला. खिळ्याचे डोके दिसू नये म्हणून त्यावर शोभेचे टोपण लावण्याची जपानी बांधकामात जुनी पद्धत आहे. ही टोपणे फुलांच्या, पानांच्या, पक्ष्यांच्या आकाराची असतात. इथे मात्र ससा निवडला आहे. का, याची दोन उत्तरे दिली जातात. एक, ससा आगीपासून घराचे रक्षण करतो. दुसरे, सशाचे कान लांब असतात आणि इथे बसणाऱ्या अधिकाऱ्याने लोकांचे म्हणणे नीट ऐकावे, याची आठवण त्याला सतत राहावी. दुसरे उत्तर ऐकायला गोड वाटते. पण त्याच वाड्यात पुढे गेल्यावर जे दिसते, ते पाहून हे कान कुणाचे ऐकत होते, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

हा वाडा म्हणजे ताकायामा जिन्‌या. ‘जिन्‌या’ म्हणजे एदो काळातली प्रांताची सरकारी कचेरी. महसूल, न्याय, पोलीस, जंगल, खाणी, गोदामे असा सगळा कारभार एका छपराखाली चालवणारी आणि त्याच आवारात अधिकाऱ्याचे बिऱ्हाडही सामावून घेणारी. शोगुनच्या थेट अमलाखालच्या मुलखात अशा साठाहून अधिक कचेऱ्या होत्या. त्यांतल्या बहुतेक मोडल्या, जळल्या किंवा त्यांच्या जागी नव्या इमारती उठल्या. मुख्य इमारतीसह उभी राहिलेली एकच उरली, ती ही. नागोयाहून उत्तरेकडे जाणारी आगगाडी हिदा नदीच्या दरीतून वर चढत सव्वादोन-अडीच तासांत ताकायामाला पोहोचते. स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर, मियागावा नदीवरच्या लाल पुलाच्या अलीकडे, हे आवार आहे.

आजच्या ताकायामा शहराच्या हद्दीत आसपासचे डोंगर आणि गावे धरली, तर क्षेत्रफळाने ते जपानमधले सर्वांत मोठे शहर ठरते आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जंगल आहे. या एका गोष्टीत हिदा प्रांताचा इतिहास सामावलेला आहे. इथे भातशेतीला सपाट जमीन थोडी आणि लाकूड अमाप. आठव्या शतकातल्या कायद्यातही ही गोष्ट ओळखलेली होती. हिदाला धान्य-कापडाच्या काही करांतून सूट होती आणि त्याबदल्यात दर पन्नास घरांमागे दहा माणसे सुतारकामासाठी राजधानीकडे पाठवावी लागत. नारा आणि क्योतो इथल्या देवळांच्या व वाड्यांच्या उभारणीत ‘हिदाचे सुतार’ राबले, ते कर म्हणून. सरकार आणि हिदाचा माणूस यांच्यातला व्यवहार असा फार जुना आहे आणि तो नेहमी लाकडाभोवती फिरत आला आहे.

1585 साली हिदेयोशीच्या आज्ञेवरून कानामोरी नागाचिका या सरदाराने हिदा जिंकला. त्याच्या घराण्याने सहा पिढ्या, 107 वर्षे, तिथे राज्य केले. टेकडीवर किल्ला बांधला, खाली गाव वसवले. 1692 साली एदोहून हुकूम आला आणि कानामोरींची बदली दूर उत्तरेच्या कामिनोयामाला झाली. शोगुनने हिदा आपल्या खाशा मुलखात घेतला. प्रांतातले इमारती लाकूड आणि सोने, चांदी, तांबे देणाऱ्या खाणी यांवर थेट हात असावा, हे त्यामागचे कारण होते. किल्ला 1695 साली पाडला गेला. सरदाराच्या मालकीच्या एका वाड्याची जागा नव्या कचेरीला मिळाली. किल्ल्याखालचे भाताचे कोठार तेवढे उचलून इथे आणून बसवले गेले. तेव्हापासून 1868 पर्यंत, 177 वर्षांत, एदोहून पाठवलेल्या 25 अधिकाऱ्यांनी इथून प्रांत चालवला. त्यांचा हुद्दा आधी ‘दाइकान’ होता, 1777 पासून तो वाढून ‘गुंदाइ’ झाला. आपल्या जुन्या दप्तरांच्या भाषेत बोलायचे तर कमाविसदार आणि सुभेदार यांच्यातला फरक समजावा.

वाड्यात शिरतानाच हुद्द्याची भाषा सुरू होते. पुढचा भव्य दरवाजा 1832 चा आहे, त्यामागची मुख्य इमारत 1816 मध्ये नव्याने बांधलेली. समोर जो रुंद प्रवेशमंडप दिसतो, त्याच्या मागच्या भिंतीवर एकावर एक चढलेल्या लाटांची निळी नक्षी आहे. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या कुशीत, या लाटा पाहून क्षणभर थबकायला होते. हा मंडप एदोहून येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी होता. कचेरीतल्या स्थानिक कारकुनांचे दार वेगळे, गावच्या मुखियांचे वेगळे आणि ज्याला चौकशीसाठी आणले त्याचे तर सर्वस्वी वेगळे. आज तिकीट काढून आलेला प्रवासी बूट पिशवीत घालून या सगळ्या दारांच्या आतबाहेर हिंडतो. त्या काळी असे हिंडणे कुणालाच शक्य नव्हते. खुद्द अधिकाऱ्यालाही काही दारे आपली नाहीत हे ठाऊक असे.

आत गेल्यावर खाली पाहावे. जमिनीवर ताताामी म्हणजे गवताच्या जाड चटया अंथरलेल्या आहेत. काही खोल्यांत चटईच्या कडेला कापडी किनार आहे, काहींत ती नाही. किनारीवरून त्या खोलीत बसणाऱ्याचा दर्जा कळतो. वरिष्ठांच्या दालनात किनार, कनिष्ठांच्या खोलीत नुसते गवत. भिंतीवर पाटी लावायची गरजच नव्हती. खोलीत पाऊल टाकताच माणसाला आपण कुठे आलो आणि कितपत वाकायचे, ते पायाखाली कळत असे. अधिकाऱ्याच्या राहत्या भागात बाग, चहाची खोली, स्नानगृह, बायकांची दालने आणि स्वयंपाकघर आहे. त्या बाजूला हा वाडा खरोखर घरासारखा वाटतो.

कचेरीत एदोहून आलेली माणसे मूठभर असत. अधिकारी आणि त्याचे काही सहायक येत, काही वर्षे राहत आणि जात. रोजचे काम करणारे स्थानिक कामगार वंशपरंपरेने तिथेच असत. त्यांतले पुष्कळ जण कानामोरींच्या पदरी असलेल्या माणसांच्या घराण्यांतले होते. जंगलात किती झाडे तोडली, कोणत्या नदीतून किती ओंडके सोडले, कोणत्या गावाचा किती भात यायचा राहिला, हे यांनाच माहीत. मालक बदलला, वाडा बदलला, पण वही लिहिणारा हात तोच राहिला. या कचेरीची कागदपत्रेही मोठ्या प्रमाणावर टिकली आहेत आणि गिफू प्रांताच्या इतिहास-दप्तरात जपली आहेत. इमारत आणि तिचे कागद असे दोन्ही हाती असणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे भाग्य म्हणायचे.

या कागदांच्या मुळाशी एक माप होते, ‘कोकु’. एक कोकु म्हणजे सुमारे 180 लिटर, वजनाने दीडशे किलोच्या आसपास तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, असा ढोबळ हिशेब. प्रत्येक शेताची मोजणी करून त्याचे उत्पन्न किती कोकु, हे ठरवले जाई आणि त्यावर कर बसे. कर एकेका कुटुंबावर नसून गावावर असे. गावाने तो आपसात वाटून घ्यायचा आणि मुखियाने भरायचा. म्हणजे एक शेतकरी पळाला किंवा बुडाला, तर त्याचा बोजा शेजाऱ्यावर. म्हणून मोजणी पुन्हा होणार, या शब्दांनी गावेच्या गावे हादरत. जमीन तीच, पाऊस तोच, फक्त कागदावरचा आकडा वाढायचा.

आकड्याचे धान्य जिथे येऊन पडे, ते कोठार वाड्याच्या मागच्या बाजूला आहे. सुमारे 1600 सालचे, म्हणजे वाड्याहून दोनशे वर्षांनी जुने. त्या प्रकारच्या कोठारांत ते जपानमधले सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे मानले जाते. छपरावर कौले नाहीत. लाकडाच्या लांब फळ्या पसरून त्यांवर दगड ठेवलेले आहेत. भिंती किंचित आत कललेल्या आहेत, आत रचलेल्या धान्याचा रेटा पेलण्यासाठी. आत गारवा आणि जुन्या लाकडाचा वास असतो. पेंढ्याच्या भातगोणी थरावर थर लावून ठेवलेल्या दिसतात. एकेका गोणीमागे एका घराचे किती दिवसांचे जेवण असेल, असा हिशेब मनात आपोआप सुरू होतो.

आणि मग ‘शिरासु’. शब्दाचा अर्थ पांढरी वाळू. न्यायालयात आरोपीने जिथे बसायचे, त्या जागेचे हे नाव. ताकायामात दोन शिरासु आहेत. एक किरकोळ तंट्यांचा आणि दुसरा फौजदारी चौकशीचा. दुसऱ्यात वाळूऐवजी गोटे पसरलेले आहेत. आरोपी त्या गोट्यांवर गुडघे मोडून बसे. समोर उंचावर फळ्यांची जमीन, तिच्यावर कारकून आणि त्याहून वर अधिकारी. कडेला मांडलेल्या वस्तू पाहून पुढे जाणारे पाय मंदावतात. कंगोरे पाडलेली लाकडी पाटी आहे, तिच्यावर गुडघे टेकवून मांडीवर दगड रचायचे. गुन्हेगाराला कोंडून नेण्याचा बांबूचा पिंजरा आहे. त्या काळच्या न्यायात कबुलीजबाबाला फार महत्त्व होते. पुरावा असला तरी आरोपीने स्वतःच्या तोंडाने ‘होय’ म्हणावे लागे, म्हणून ते ‘होय’ काढून घेण्याची ही साधने. मात्र मोठी शिक्षा देण्याचा अधिकार या अधिकाऱ्याला नव्हता. त्यासाठी कागद एदोला पाठवून मंजुरी आणावी लागे. चौकशी डोंगरात आणि निकाल राजधानीत.

सशाच्या कानांचा खरा कस लागला तो 1771 ते 1789 या अठरा वर्षांत. ‘ओहारा उठाव’ या नावाने हा काळ ओळखला जातो. उठाव शेतकऱ्यांचे, पण नाव अधिकाऱ्याचे. ओहारा हिकोशिरो 1766 साली दाइकान म्हणून आला. 1771 मध्ये शोगुन सरकारने हिदातली वृक्षतोड थांबवली. जंगल वाचवण्यासाठी उचललेले ते पाऊल असले, तरी डोंगरातल्या गावांना तोडीच्या मजुरीवर मिळणारा तांदूळ त्यामुळे बंद झाला. त्यात कराच्या नव्या मागण्या आल्या. अधिकाऱ्याशी हातमिळवणी केल्याचा संशय असलेल्या ताकायामातल्या व्यापाऱ्यांची घरे त्या हिवाळ्यात लोकांनी फोडली. हा पहिला उठाव.

दुसरा अधिक मोठा होता. 1773 मध्ये मोजणीचा हुकूम निघाला. फक्त नव्याने लागवडीला आणलेली जमीन मोजणार, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात दोरी जुन्या शेतांवरही पडली. लोकांनी कचेरीकडे अर्ज केले. ते ऐकले गेले नाहीत, म्हणून काही जण एदोला गेले आणि बड्या मंत्र्यांच्या पालखीपुढे अर्ज धरले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गावाचा अर्ज मुखियामार्फत कचेरीत जावा आणि कचेरीने तो वर पाठवावा, हाच काय तो कायदेशीर मार्ग होता. पायरी ओलांडून वर जाणे हा गुन्हा होता. अर्ज खरा की खोटा, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. 1770 साली देशभर लावलेल्या सरकारी फलकांवर कट, जमावाने केलेली मागणी आणि गाव सोडून पळणे या तिन्हींची खबर देणाऱ्याला चांदीच्या शंभर नाण्यांचे बक्षीस जाहीर केले होते. म्हणूनच त्या काळच्या शेतकऱ्यांच्या करारपत्रांवर कित्येकदा सह्या छत्रीच्या काड्यांसारख्या गोलाकार केलेल्या आढळतात. पहिली सही कुणाची, म्हणजे म्होरक्या कोण, हे ओळखू येऊ नये म्हणून.

एदोला गेलेल्यांपैकी काहींना प्राण गमवावे लागले. हिदात लोक मिनाशी देवस्थानाच्या आवारात जमले. देवाच्या दारात शस्त्र चालणार नाही, असा त्यांचा विश्वास असावा. शेजारच्या सरदारांचे सैनिक बोलावण्यात आले आणि बंदुका चालल्या. पुढच्या वर्षी निकाल लागले. देवस्थानाच्या दोन पुजाऱ्यांसह काही जणांना खांबाला बांधून भाल्यांनी मारले, काहींचे शिर कापले, पुष्कळांना बेटांवर हद्दपार केले. होन्गो गावचा झेन्कुरो या उठावाच्या म्होरक्यांपैकी एक. 1774 च्या जपानी वर्षअखेरीस त्याला ठार केले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मरण्यापूर्वी त्याने बायकोला लिहिलेले पत्र हिदात आजही आठवले जाते. मोजणी पूर्ण झाली. प्रांताचे कागदावरचे उत्पन्न सुमारे 44 हजार कोकुंवरून 55 हजारांवर गेले. 1777 मध्ये ओहाराला बढती मिळाली. हिदाचा पहिला गुंदाइ तोच. सशाच्या टोपणांनी सजलेल्या कचेरीचा मानमरातब वाढला, तो या मोजणीनंतर.

गोष्ट इथेच संपली असती, तर तिच्यातून एकच धडा निघाला असता. पण ती संपली नाही. हिकोशिरोनंतर त्याचा मुलगा कामेगोरो अधिकारी झाला. 1783 च्या सुमारास जपानवर भीषण दुष्काळ आला. त्या काळात त्याने गावांकडून कर्जाच्या नावाने पैसे उकळले आणि करातली सूट लोकांपर्यंत पोहोचू दिली नाही. लोक पुन्हा अर्ज घेऊन निघाले. पण आता त्यांनी जमाव केला नाही, घरे फोडली नाहीत. 1787 साली मात्सुदाइरा सादानोबू एदोत मुख्य मंत्री झाला होता आणि तो कडक शिस्तीचा होता. त्याच्यापर्यंत अर्ज पोहोचवला गेला. पुढे मुलखाची पाहणी करायला निघालेले सरकारी निरीक्षक हिदात आले, तेव्हा त्यांच्याही हाती कागद देण्यात आले. 1789 मध्ये निकाल लागला. कामेगोरोला हाचिजो बेटावर हद्दपार केले गेले, त्याच्या हाताखालच्या माणसालाही मृत्युदंड झाला. अर्जदारांना झालेल्या शिक्षा आधीच्या मानाने पुष्कळ सौम्य होत्या.

शोगुन सरकारने आपल्याच अधिकाऱ्याला असे काढावे, हे विरळाच घडे. पण हिदाच्या लोकांपुढे एक शेजारचे उदाहरण होते. 1692 मध्ये हिदातून हलवलेले कानामोरी घराणे पाच वर्षांनी पुन्हा जवळच, गुजोला, नेमले गेले होते. तिथे करवाढीविरुद्ध शेतकऱ्यांनी चार-पाच वर्षे लढा दिला, एदोत अर्ज नेले, आणि 1758 साली शोगुनने कानामोरींची जहागीरच खालसा केली. त्यातही शेतकऱ्यांची मुंडकी उडालीच. पण सरदारही गेला. डोंगरापलीकडची ही बातमी हिदात पोहोचली नसेल, असे मानणे कठीण आहे.

या दोन उठावांतला फरक मला या वाड्यात हिंडताना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1773 चे शेतकरी आणि 1787 चे शेतकरी यांचे गाऱ्हाणे मूलतः एकच होते. कायदाही तोच होता. बदलली होती ती वर बसलेली माणसे आणि अर्ज पोहोचवण्याची रीत. चौदा वर्षांत लोकांना कळले होते की कचेरीचे कान कचेरीत नसतात. ते एदोत असतात आणि तिथेही ते सदासर्वदा उघडे नसतात. ते केव्हा उघडतात, याची वाट पाहावी लागते. ही समज त्यांना मिळाली, ती झेन्कुरो आणि त्याच्यासारख्यांच्या मृत्यूंतून.

1868 च्या जानेवारीत शोगुनची सत्ता कोसळू लागली, तेव्हा शेवटचा गुंदाइ ताकायामा सोडून एदोला निघून गेला. नव्या सम्राट सरकारने त्याच वाड्यात नवी कचेरी बसवली. नवा राज्यपाल उमेमुरा हायामी तरुण होता. त्याने सुधारणांचा धडाका लावला आणि जुन्या सवलती बंद केल्या. 1869 च्या आरंभीच लोक पुन्हा उठले आणि त्याला पद गमवावे लागले. राज्य बदलले, झेंडा बदलला, पण कचेरीच्या दाराशी जमलेल्या माणसांचे गाऱ्हाणे ओळखीचेच होते. पुढे 1876 मध्ये हिदा गिफू प्रांतात सामील झाला आणि वाडा जिल्हा पातळीवरच्या सरकारी कामासाठी वापरात राहिला. 1929 साली तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाला, तरी कारकून तिथे बसतच होते. शेवटचे कार्यालय 1969 मध्ये हलले. त्यानंतर जुने नकाशे समोर ठेवून, नंतर घातलेल्या भिंती काढून, पाडलेले भाग पुन्हा उभारून सोळा वर्षे काम चालले. ते 1996 मध्ये पूर्ण झाले. वाडा टिकला, याचे साधे कारण हे की तो सतत वापरात होता. देवळे श्रद्धेने टिकतात, किल्ले डागडुजीने. ही कचेरी मात्र सरकारी कामाने टिकली.

जतन करणाऱ्यांना एक सोपा मार्ग मोकळा होता. लाटांची नक्षी, बाग, चहाची खोली, सशाची टोपणे एवढेच झळझळीत करून ठेवले असते, तर प्रवासी खूश होऊन परतले असते. त्यांनी तसे केले नाही. गोट्यांवरची चौकशीची जागा, मांडीवर रचायचे दगड आणि ओहारा उठावाची हकिकत यांनाही त्याच छपराखाली जागा दिली. म्हणून इथे राज्यकर्त्याची आणि रयतेची अशा दोन्ही बाजू एकाच फेरीत पाहता येतात. अधिकाऱ्याच्या दालनातून शिरासुपर्यंत अंतर थोडेच आहे, पण तेवढ्या चालण्यात चटईची किनार सुटते, मग चटई सुटते, मग फळी सुटते आणि शेवटी पायाखाली दगड येतात.

सकाळी लवकर गेलात, तर वाड्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत बाजार भरलेला दिसतो. आसपासच्या गावांतल्या बायका भाज्या, फळे, लोणची आणि फुले घेऊन बसलेल्या असतात. लाल सलगमांचे खारवलेले लोणचे या भागाची खासियत. दरवाजा उघडायच्या आधीच विक्री सुरू झालेली असते. कोणी आत जात नाही, कोणाला आत काही काम नाही. एकेकाळी ज्या दारातून धान्य फक्त आत जात असे, त्या दारासमोर शेतावरचा माल आता शेतकरीण स्वतःच्या भावाने विकते आणि पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवते.